घरच्या कार्यशाळेसाठी ॲल्युमिनियम: वाकवायला कोणते, कातायला कोणते?

नभदर्शी:

नमस्कार. आठ इंची आरशाच्या न्यूटोनियन दुर्बिणीसाठी मी घरीच बैठक तयार करतो आहे. आधीची बैठक प्लायवूडची होती. दोन पावसाळ्यांत तिच्या कडा फुगल्या आणि दुर्बीण फिरवताना ती अडकू लागली, म्हणून या वेळी संपूर्ण काम ॲल्युमिनियममध्ये करायचे ठरवले. माझ्याकडे छोटी बेंच ड्रिल, चार इंची व्हाइस, हॅकसॉ, कानशी आणि आटे पाडण्याच्या टॅपचा एक संच आहे, आणि आठवड्यातून एक दिवस मित्राच्या वर्कशॉपमधील लेथ मिळतो.

नळी धरणाऱ्या कंसांसाठी मी एका दुकानातून ३ मिमी जाडीचा पत्रा आणला. दुकानदाराने "एकदम कडक माल आहे, ६०६१ आहे" असे सांगितले आणि कडक म्हणजे उत्तम असा अर्थ मी घेतला. व्हाइसच्या जबड्यांत लाकडी पट्ट्या धरून मी पत्रा नायलॉनच्या हातोडीने हळूहळू वाकवू लागलो. साधारण साठ अंशांपर्यंत काही जाणवले नाही. त्यानंतर वळणाच्या बाहेरच्या बाजूची चकाकी गेली, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला, त्यात केसाएवढी एक रेघ दिसली आणि पुढच्याच ठोक्याला 'टक्' असा आवाज होऊन चीर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली. दुसरा तुकडा अधिक सावकाश वाकवला, तरी तोही तसाच गेला.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. काटकोनात वाकवण्यासाठी कोणता पत्रा मागावा? लेथवर कातण्याच्या भागांसाठी कोणता बार घ्यावा? आणि भंगारात मिळणारे स्लायडिंग खिडक्यांचे सेक्शन या कामाला चालतील का?

चकधारी:

टूलरूममध्ये बरीच वर्षे काढली असल्याने थोडे सविस्तर लिहितो. तुमचा पत्रा बहुधा अस्सल ६०६१ टी६ होता, आणि अस्सल होता म्हणूनच तो तडकला.

ॲल्युमिनियमच्या चार अंकी क्रमांकावरून त्यात काय मिसळले आहे एवढेच कळते. १००० मालिका म्हणजे जवळजवळ शुद्ध धातू, २००० मध्ये तांबे, ३००० मध्ये मँगनीज, ५००० मध्ये मॅग्नेशियम, ६००० मध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन, ७००० मध्ये मुख्यतः जस्त. परंतु तो धातू तुमच्या हातात कोणत्या अवस्थेत आला आहे हे क्रमांकानंतरच्या अक्षरावरून कळते, आणि घरकाम करणाऱ्या माणसाची फसगत नेमकी तिथेच होते. 'ओ' म्हणजे पूर्ण मऊ केलेला माल. 'एच' म्हणजे लाटून, म्हणजेच थंड अवस्थेत दाबून कडक केलेला. 'टी' म्हणजे उष्णता देऊन कडक केलेला. ६०६१ ओ अवस्थेत सुमारे ५५ मेगापास्कलला (मेगापास्कल हे ताण मोजण्याचे एकक) कायमचा वाकू लागतो, तर टी६ अवस्थेत तेच घडायला सुमारे २७५ मेगापास्कल लागतात. रासायनिक घटक तेच असूनही बळ पाचपट वाढते, आणि त्याची किंमत ताणले जाण्याच्या क्षमतेतून मोजावी लागते.

हे कसे घडते ते समजून घेतल्यास पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म तांबे आणि मॅग्नेशियम असलेल्या ॲल्युमिनियमवर प्रयोग करत होते. तापवून पाण्यात विझवलेला तुकडा लगेच मोजला तेव्हा तो फारसा कडक भरला नाही, पण काही दिवस तसाच पडून राहिल्यावर तोच तुकडा पुष्कळ कडक झालेला आढळला. ड्युरॅल्युमिन हा विमानांचा धातू यातूनच निघाला. तापवल्यावर मिसळलेले घटक ॲल्युमिनियममध्ये विरघळतात, एकदम थंड केल्यावर ते आत अडकून पडतात आणि नंतर सावकाश अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर येऊन धातूचे थर एकमेकांवरून घसरण्यास अडथळा करतात. ६०६१ बाबत पहिली पायरी सुमारे ५३० अंश सेल्सिअसची असते आणि दुसरी सुमारे १७५ अंशांना आठ तासांची. थर घसरायला तयार नसतील तर तीव्र वळणावर धातू फाटतो, आणि तुमच्या कंसाचे नेमके तेच झाले.

वाकवण्यासाठी ५०५२ एच३२ मागा. त्यात अडीच टक्के मॅग्नेशियम असते आणि त्याचे बळ लाटण्यातून आलेले असते. ३ मिमी पत्रा आतून साडेचार मिमीच्या गोलाईवर काटकोनात निर्धास्त वळतो. ६०६१ टी६ साठी तीच गोलाई जाडीच्या तिप्पट-चौपट ठेवावी लागते आणि तरीही मला खात्री वाटत नाही. आणखी एक गोष्ट अवश्य पाळा. पत्र्यावर लाटण्याच्या दिशेने बारीक रेषा दिसतात. वळणाची रेघ त्यांना आडवी येईल अशा बेताने तुकडा कापा. रेषांना समांतर वळवलेला पत्रा लवकर तडकतो. व्हाइसमधल्या लाकडी पट्टीची कडही कानशीने गोल करून घ्या, कारण धारदार कडेवर कोणताच पत्रा सुखाने वळत नाही.

कातण्यासाठी मात्र ६०६१ टी६ किंवा ६०८२ टी६ चाच बार घ्या. वाकवताना आडवा आलेला कडकपणा लेथवर उपयोगी पडतो. कीस तुटून पडतो आणि पृष्ठभाग स्वच्छ निघतो. शुद्ध ॲल्युमिनियमचा बार कातायला घेतला तर तो लोण्यासारखा हत्याराला चिकटतो.

मोजपट्टी:

चकधारी यांच्या म्हणण्यात बाजारभाषेची थोडी भर घालतो. आपल्याकडील जुने दुकानदार आजही ब्रिटिश नावे वापरतात आणि बिलावर कधी कधी भारतीय मानकाचा पाच अंकी क्रमांक असतो. एचई९ किंवा ६३४०० म्हणजे ६०६३, एचई२० किंवा ६५०३२ म्हणजे ६०६१, एचई३० किंवा ६४४३० म्हणजे ६०८२, आणि एचई१५ किंवा २४३४५ म्हणजे तांबे असलेला २०१४. या जुन्या नावांतील 'एच' वेगळा, तो म्हणजे उष्णतेने कडक होणारा आणि 'ई' म्हणजे साच्यातून दाबून काढलेला. गोल आणि चौकोनी बारांसाठी आयएस ७३३ हे मानक आहे, पत्र्यांसाठी आयएस ७३७. मुंबईत गुलालवाडी किंवा कीका स्ट्रीट परिसरात चौकशी करताना ही नावे घेतली, तर समोरचा माणूस अवस्थेबद्दलही नीट सांगतो.

माल वजनावर मिळतो, त्यामुळे घरून आकडा काढून जावे. ३०० × २०० × १२ मिमीच्या पट्टीचे आकारमान ७२० घनसेंटीमीटर आणि घनता २.७, म्हणजे वजन सुमारे १.९५ किलो. उरलेले कापलेले तुकडे पुष्कळदा स्वस्त मिळतात, पण त्यांवर रंगाची खूण किंवा शिक्का नसेल तर मी ते भार घेणाऱ्या भागासाठी वापरत नाही.

स्लायडिंग खिडक्यांचे सेक्शन जवळजवळ नेहमी ६०६३ चे असतात. हा धातू साच्यातून पातळ भिंतींचे आकार काढण्यासाठी उत्तम आहे आणि ॲनोडायझिंगही (विजेच्या साहाय्याने चढवलेला ऑक्साइडचा संरक्षक थर) त्यावर फार देखणे होते. बळ ६०६१ पेक्षा कमी असते. टी५ अवस्थेत साधारण १४५ मेगापास्कल. फाइंडरचा (नेम धरण्याच्या छोट्या दुर्बिणीचा) आधार, आयपीस (डोळ्याजवळचे भिंग) ठेवण्याची पट्टी, बॅटरीची पेटी यांसाठी तो खुशाल वापरा. मुख्य अक्षाचा भार मात्र दीड मिमी भिंतीच्या सेक्शनवर टाकू नका.

रेषाखंड:

दुर्बिणीची बैठक आहे म्हणून एक मुद्दा आग्रहाने मांडतो, कारण मी स्वतः त्यात पैसे घालवले आहेत. माझ्या बैठकीत दृश्य थरथरत होते. धातू कमजोर असेल अशा समजुतीने मी ६ मिमीची ६०६१ ची पट्टी काढून त्याच जाडीची ७०७५ टी६ ची पट्टी बसवली. ७०७५ चे बळ पाचशे मेगापास्कलच्या आसपास असते आणि किंमतही त्याच मानाने चढी असते. थरथर तसूभरही कमी झाली नाही.

बळ आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाराखाली एखादी पट्टी किती लवते हे स्थितिस्थापकता गुणांकावर ठरते, आणि तो सर्वच ॲल्युमिनियम मिश्रधातूंमध्ये ७० गिगापास्कलच्या आसपास असतो. पोलादात तो २०० च्या आसपास असतो. म्हणजे महाग मिश्रधातू घेतल्याने पट्टी मोडण्याची शक्यता कमी होते, परंतु तिचे लवणे तेवढेच राहते. लवणे कमी करायचे तर जाडी वाढवावी, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ मिमीऐवजी ८ मिमी घेतल्यास तो जवळजवळ २.४ पट होतो. पोलादी पट्टीइतकाच ताठपणा हवा असेल तर ॲल्युमिनियमची पट्टी सुमारे १.४५ पट जाड घ्यावी लागते आणि तरीही वजन निम्मेच भरते. दुर्बिणीसाठी ॲल्युमिनियम योग्य ठरण्याचे खरे कारण हेच आहे. मी पुढे साध्या ६०६१ ची १० मिमी पट्टी बसवली आणि गुरूचे बिंब स्थिर झाले.

नभदर्शी:

तिघांचेही मनापासून आभार. आणलेला ३ मिमी पत्रा वाया जाऊ नये म्हणून विचारतो: तो तापवून मऊ करता येईल का? साबण लावून तापवण्याची युक्ती ऐकली आहे, पण ती कितपत विश्वसनीय आहे?

चकधारी:

युक्ती चांगली आहे आणि जुने पत्राकाम करणारे कारागीर ती नेहमी वापरतात. ॲल्युमिनियम तापताना लाल होत नाही, वितळेपर्यंत (शुद्ध धातू असेल तर ६६० अंशांच्या आसपास) ते तसेच रुपेरी दिसते आणि मग एकाएकी खाली गळते, म्हणून तापमान ओळखायला बाहेरची खूण लागते. वळणाच्या जागी अंगाच्या साबणाच्या कोरड्या वडीने रेघ ओढा आणि मागच्या बाजूने गॅसच्या टॉर्चची मऊ ज्योत सतत फिरवत ठेवा. रेघ आधी पिवळसर, मग तपकिरी आणि शेवटी काळी होते. काळी झाली की ज्योत लगेच काढा आणि पत्रा आपोआप निवू द्या. भट्टीतल्यासारखा पूर्ण मऊपणा यातून येत नाही, पण वळवण्यापुरता नक्की येतो.

मात्र त्या जागचे टी६ चे बळ गेले हे गृहीत धरून चाला. ते परत आणायचे तर ५३० अंशांपासून सुरुवात करावी लागते. ६०६१ सुमारे ५८० अंशांना वितळू लागतो, त्यामुळे चूक करायला फारशी जागा नसते आणि नियंत्रित भट्टीशिवाय हे काम करू नये. स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये फक्त १७५ अंशांची दुसरी पायरी जमते, आणि पहिली झाली नसेल तर दुसरीचा काही उपयोग नाही. नळी नुसती कवटाळून धरणाऱ्या कंसाला मऊ वळण चालेल. दुर्बिणीचे सगळे वजन ज्या कंसावर लटकणार आहे त्याला चालणार नाही. तो ५०५२ चा करा, किंवा दोन सरळ पट्ट्या कोनाला स्क्रूने जोडा.

वेल्डिंगलाही हेच लागू आहे. टी६ माल टिगवर (विजेच्या ठिणगीने केलेल्या एका प्रकारच्या वेल्डिंगने) जोडला की शिवणीच्या दोन्ही बाजूंना बळ ढोबळमानाने चाळीस टक्क्यांनी घटते. ७०७५ आणि २०२४ हे मिश्रधातू तर साध्या वेल्डिंगला घेऊच नयेत, ते निवताना शिवणीतच तडकतात.

खाऱ्या वाऱ्याचा:

मी रत्नागिरीजवळ राहतो, तेव्हा स्क्रूंबद्दल लिहिणे भाग आहे. ओल आणि मीठ असले की ॲल्युमिनियम आणि दुसरा धातू मिळून विजेच्या घटासारखे, म्हणजे बॅटरीसारखे वागतात आणि झिजते ते ॲल्युमिनियम. मोठ्या ॲल्युमिनियमच्या भागात छोटा स्टेनलेसचा स्क्रू असेल तर झीज पसरून जाते आणि बराच काळ निभावते. मोठ्या पोलादी पट्टीला छोटा ॲल्युमिनियमचा रिव्हेट मात्र एक-दोन पावसाळ्यांत पांढऱ्या भुकटीत बदलतो. पितळ तर थेट लावूच नये. मी स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर घालतो आणि आट्यांना ग्रीस लावतो. किनाऱ्यावर ५०५२ सर्वांत टिकतो; तांबे असलेले २००० मालिकेचे धातू आणि ७०७५ मी उघड्यावर वापरत नाही.

नवशिका_कारागीर:

थोडा वेगळा प्रश्न विचारतो. शीतपेयांचे रिकामे डबे वितळवून दुर्बिणीच्या फिरवण्याच्या मुठी ओतता येतील का?

चकधारी:

ओतता येतील, पण मी तसा सल्ला देणार नाही. डब्याचा पत्रा अतिशय पातळ असतो आणि त्यावर रंग व लेप असतो, त्यामुळे धातूचा मोठा भाग वितळण्याऐवजी जळून मळी होतो. शिवाय डब्याचे अंग ३००४ चे आणि झाकण ५१८२ चे असते; हे दोन्ही लाटण्यासाठी बनवलेले धातू आहेत, साच्यात नीट वाहण्यासाठी नव्हेत. ओतकामाला सिलिकॉन हवे. एलएम६ या ओतकामाच्या मिश्रधातूत ते १० ते १३ टक्के असते आणि म्हणूनच तो साच्याच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचतो. इंजिनांचे जुने पिस्टन आणि मोटारींची ॲलॉय व्हील हे भंगारातले चांगले ओतीव धातू आहेत.

सुरक्षेबाबत कळकळीने सांगतो. वितळलेल्या धातूत ओली पळी किंवा ओला तुकडा गेला तर पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि धातू अंगावर उडतो. प्रत्येक हत्यार आणि प्रत्येक तुकडा आधी भट्टीच्या कडेवर तापवून कोरडा करा, सिमेंटच्या जमिनीवर कोरड्या वाळूचा थर पसरा, पायात चामड्याचे बूट आणि चेहऱ्यावर ढाल असू द्या. भंगारात मॅग्नेशियमचे भागही येतात. ते ॲल्युमिनियमपेक्षा हलके असतात आणि घासलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब टाकला की फसफसतात. असा तुकडा भट्टीत कधीही जाऊ देऊ नका. मुठींसाठी खरे तर ६०६१ चा गोल बार कातणे अधिक सोपे आणि सुरक्षित आहे.

मोजपट्टी:

भंगारातला तुकडा ओळखण्याची एक चाचणी सांगतो. पृष्ठभाग कानशीने उजळ करून त्यावर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा एक थेंब काही मिनिटे ठेवावा आणि धुवून पाहावे. डाग काळा पडला तर त्यात तांबे आहे, म्हणजे २००० मालिका किंवा ७०७५ सारखा धातू. पांढुरका राहिला तर तो १०००, ५००० किंवा ६००० पैकी असू शकतो. त्यापुढचा भेद या चाचणीत होत नाही. सिलिकॉन भरपूर असलेला ओतीव धातूही राखाडी-काळा होतो, पण त्याचा तुटलेला भाग दाणेदार असल्याने तो वेगळा ओळखू येतो. कॉस्टिक त्वचा आणि डोळे जाळते आणि या क्रियेत हायड्रोजन निघतो, तेव्हा हातमोजे व चष्मा घालून, उघड्या हवेत आणि ज्योतीपासून दूरच ही चाचणी करावी.

रेषाखंड:

भोके पाडताना येणाऱ्या अडचणींचा उल्लेख अजून झाला नाही. ड्रिलच्या टोकाला ॲल्युमिनियम चिकटून त्याचा खोटा दात तयार होतो आणि भोक मोठे व फाटके पडते. रॉकेलचे दोन थेंब टाकत राहिले आणि ड्रिल वारंवार वर उचलून कीस काढला की हे टळते. रॉकेल आहे म्हणून जवळ ठिणगी मात्र नको. ६ मिमी ड्रिलला मिनिटाला तीन हजार फेरेही चालतात. कानशीच्या दातांत कण अडकून ते काम ओरखडतात, त्यासाठी कानशीवर आधी शाळेतला खडू घासावा. एम६ (६ मिमी व्यासाच्या) आट्यांसाठी ५ मिमीचे भोक पाडावे आणि आटे किमान ९ ते १२ मिमी खोल असावेत. जो स्क्रू दर वेळी उघडावा लागणार आहे, तिथे स्टीलचे हेलिकॉइल (तारेच्या गुंडाळीचे तयार आटे) बसवावे. नुसते ॲल्युमिनियमचे आटे काही महिन्यांत निघून येतात.

साध्या बेंच ग्राइंडरच्या चाकावर ॲल्युमिनियम घासू नये. चाकाची छिद्रे धातूने भरतात, चाक तापते आणि फुटू शकते. शिवाय त्याच ग्राइंडरवरची लोखंडाची भुकटी आणि ॲल्युमिनियमची भुकटी एकत्र साठणे हे आगीला आमंत्रण आहे.

नभदर्शी:

या धाग्यामुळे झालेले काम कळवतो. वजन पेलणारे दोन कंस ५०५२ एच३२ च्या ३ मिमी पत्र्यातून केले. पत्र्यावरच्या रेषा उजेडाकडे तिरपा धरल्यावर दिसल्या, वळण त्यांना आडवे घेतले आणि सागवानी पट्टीची कड ५ मिमी गोल केली. दोन्ही कंस काटकोनात आले. वळणाच्या बाहेरच्या बाजूला चकाकी थोडी मंद झाली आहे, पण भिंगाखाली पाहूनही चीर दिसत नाही. जुन्या ६०६१ च्या पत्र्याचा एक तुकडा साबणाची रेघ काळी होईपर्यंत तापवून वळवला, तोही न तडकता वळला. तो फाइंडरसाठी वापरला आहे.

अक्षाची १० मिमी पट्टी आणि बेअरिंगचे घर ६०६१ टी६ मधून लेथवर झाले. बेअरिंगबाबत एकच शंका उरली आहे. दुपारी गच्चीवर घट्ट वाटणारे पोलादी बेअरिंग पहाटे आणखी घट्ट होईल का?

चकधारी:

होईल, पण फार थोडे. ॲल्युमिनियम तापमानानुसार पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसते. ५० मिमी व्यासाच्या घरात वीस अंशांच्या फरकाने सुमारे ०.०१२ मिमीचा फरक पडतो. दुपारी बेअरिंग हाताच्या अंगठ्याने दाबून बसत असेल तर पहाटे ते योग्यच बसेल. हातोडीने ठोकून बसवावे लागत असेल, तर घर आणखी एक शतांश मिमीने कातून घ्या आणि बाहेरच्या कडीला एका झाकणीने धरा.

नभदर्शी:

अंगठ्याने बसते आहे. झाकणी ६०६३ च्या उरलेल्या पट्टीतून कापून घेतो.